घरातला सेन्सर हवेबद्दल काय सांगतो आणि तुमच्याबद्दल काय सांगून टाकतो?

१८ नोव्हेंबर २०२४ या दिवशी दिल्लीच्या हवेचे दोन स्क्रीनशॉट सोशल मीडियावर फिरत होते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, ४९४ होता. एका खासगी अॅपवर मात्र काही ठिकाणी आकडा दीड हजाराच्या वर गेला होता. सरकार आकडे दडवतंय, असं एका बाजूचं म्हणणं. अॅपवाले घाबरवून एअर प्युरिफायर विकतायत, असं दुसऱ्या बाजूचं.

खरं कारण यापेक्षा बरंच साधं होतं. भारताचा एक्यूआय ५०० वर थांबतो, हवा त्याहून कितीही वाईट असली तरी. काही अॅप्स अमेरिकी पद्धतीचं गणित ५०० च्या पुढेही चालू ठेवतात. शिवाय सरकारी आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर काढलेला असतो आणि अॅप बहुतेक वेळा आत्ताचा आकडा दाखवतं.

पण अशा गोंधळातून एक गोष्ट नक्की झाली. आपल्या घरातली, आपल्या खिडकीबाहेरची हवा आपणच मोजावी असं अनेकांना वाटू लागलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा ऑनलाइन मिळणारे सुटे भाग आणायचे, यूट्यूबवर बघून जोडायचे आणि आकडे थेट एखाद्या ऑनलाइन डॅशबोर्डवर पाठवायचे. ज्यांना जोडाजोडी नको ते तयार मॉनिटर घेतात, जो मोबाइल अॅपला जोडला जातो. दोन्हीचा शेवट सारखाच. घरातल्या हवेचा, तापमानाचा, दमटपणाचा रोजचा हिशेब कुठल्यातरी सर्व्हरवर जमा होत राहतो.

या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा? आणि ते ऑनलाइन टाकताना हवेसोबत आणखी काय बाहेर जातं? या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत.

हा डबा मोजतो तरी कसा?

धूलिकण मोजणारा स्वस्त सेन्सर काडेपेटीपेक्षा थोडा जाड असतो. आत एक छोटा पंखा, एक लेझर आणि प्रकाश टिपणारा एक डोळा. पंखा हवा आत ओढतो, हवेतल्या कणांवर लेझरचा झोत पडतो आणि विखुरतो. किती प्रकाश विखुरला त्यावरून कण किती आणि साधारण केवढे, याचा अंदाज बांधला जातो. कवडशात धूळ चमकताना दिसते, तेच तत्त्व.

अडचण पुढच्या पायरीवर आहे. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, आणि ते मोजायचे असतात वजनात, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या एककात. सेन्सर वजन करत नाही. तो चमक पाहतो आणि कारखान्यात ठरवून दिलेल्या सूत्राने तिचं वजन करून दाखवतो. धुराचा कण, उदबत्तीचा कण आणि रस्त्यावरच्या मातीचा कण सारखे चमकत नाहीत, त्यांची घनताही सारखी नसते. सूत्र मात्र एकच.

त्यात दमटपणाची भर. हवेतले बरेचसे कण पाणी शोषून फुगतात. फुगलेला कण जास्त प्रकाश विखुरतो आणि सेन्सरला वाटतं प्रदूषण वाढलं. धुक्याच्या सकाळी घरचा आकडा भडकतो त्यामागे अनेकदा हेच असतं. सरकारी केंद्रांवरची महागडी यंत्रं हवा आत घेताना ती तापवून कोरडी करतात आणि गाळणपट्टीवर जमलेल्या धुळीतून बीटा किरण किती पार जातात यावरून वजन काढतात. अशा एका केंद्राचा खर्च कोटीच्या घरात जातो. घरच्या संचाला काही हजार रुपये लागतात. फरक तिथेच आहे.

हा फरक किती मोठा, हे अमेरिकेत मोजून झालंय. युटा राज्यातल्या एड्रियन डिबवाड यांना घराजवळच्या खडीच्या खाणीची धूळ मोजायची होती. त्यातून २०१५ मध्ये पर्पलएअर हे सेन्सरचं जाळं सुरू झालं. कॅलिफोर्नियातल्या वणव्यांच्या काळात लाखो लोक त्याचा नकाशा बघू लागले, कारण सरकारी केंद्रं दूर होती आणि धूर दारात होता. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, ईपीएने, हे सेन्सर स्वतःच्या यंत्रांशेजारी ठेवून पाहिले. ते सरासरी ४० टक्के जास्त दाखवत होते. मग ईपीएने दमटपणा लक्षात घेणारं दुरुस्तीचं सूत्र तयार केलं आणि २०२० मध्ये दुरुस्त केलेले आकडे स्वतःच्या अधिकृत धूर-नकाशावर घेतले. सरकारने लोकांच्या सेन्सरला खोटं ठरवलं नाही आणि जसंच्या तसं खरंही मानलं नाही. आपल्याकडच्या वादात ही मधली वाट क्वचितच दिसते.

क्वचित म्हणायचं कारण, प्रयत्न झालेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मुंबई महानगरात असाच प्रयोग सुरू केला. ४ भारतीय स्टार्टअपचे ४० सेन्सर १५ ठिकाणच्या सरकारी केंद्रांशेजारी बसवून आकडे ताडून पाहिले. बिहार आणि उत्तर प्रदेशच्या ग्रामीण भागातही आयआयटी कानपूरने स्वस्त सेन्सरचं जाळं उभं केलं. पण सामान्य माणसाने आपल्या बाल्कनीतला सेन्सर कुठे नेऊन ताडून घ्यायचा, याची सोय अजून त्याच्या आवाक्यात नाही.

तोच आकडा, दोन अर्थ

समजा तुमच्या सेन्सरने पीएम २.५ चं प्रमाण ६० दाखवलं आणि ते अगदी अचूक आहे. भारतीय पट्टीनुसार हा एक्यूआय १०० होतो, वर्ग 'समाधानकारक'. अमेरिकेने मे २०२४ मध्ये बदललेल्या पट्टीनुसार तोच आकडा १५४ च्या आसपास जातो आणि वर्ग होतो 'अपायकारक'. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची २४ तासांची शिफारस आहे १५ मायक्रोग्रॅम, भारताचं मानक ६०. हवा तीच, श्वासही तोच.

बरेचसे आयात केलेले मॉनिटर आणि डॅशबोर्ड गुपचूप अमेरिकी पट्टी वापरतात. त्यामुळे स्क्रीनशॉट शेअर करण्याआधी एक्यूआय न बघता मूळ मायक्रोग्रॅमचा आकडा बघणं बरं. आणि भारतीय एक्यूआयला किमान ३ प्रदूषकांची माहिती लागते, २४ तासांची सरासरी लागते. एका सेन्सरच्या एका मिनिटाच्या आकड्याला एक्यूआय म्हणणं म्हणजे पहिल्या षटकावरून सामन्याचा निकाल सांगणं.

मग घरी मोजायचं कशाला?

कारण घरचा सेन्सर 'किती' यात कच्चा असला तरी 'केव्हा' यात पक्का असतो. तो ४० टक्के जास्त दाखवत असेल, तर सकाळीही साधारण तसाच दाखवेल आणि रात्रीही. आलेखाचा चढउतार खरा असतो, उंचीबद्दल शंका घ्यावी. आणि घरातल्या माणसाला बहुतेक वेळा चढउतारच हवा असतो.

एखाद्या मध्यमवर्गीय घराचा दिवस डॅशबोर्डवर कसा दिसतो? सकाळी पोह्यांची फोडणी पडली की उंच टोक. चिमणी चालू असेल तर ते टोक बुटकं आणि लवकर खाली येणारं. संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी, उदबत्ती लावल्यावर, दुसरं टोक. रात्री डासांची कॉइल लावली तर आलेख चढतो आणि बंद खोलीत पहाटेपर्यंत उतरत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण ७५ ते १३७ सिगारेटींएवढे असल्याचं आढळलं होतं. हे वाचून कॉइल सोडणारे थोडे. पण मुलांच्या खोलीतला आलेख रात्रभर वर अडकलेला बघितला की घरात चर्चा सुरू होते.

कार्बन डायऑक्साइडचंही तसंच. बाहेरच्या हवेत तो ४२० पीपीएमच्या थोडा वर असतो. स्प्लिट एसी लावून दार-खिडक्या बंद केलेल्या लहान खोलीत दोघं झोपली की पहाटेपर्यंत दीड-दोन हजार सहज होतो, कारण असा एसी खोलीतलीच हवा फिरवतो, बाहेरची आणत नाही. सकाळचं जड डोकं आणि हा आलेख शेजारी ठेवून बघितला की खिडकी फटभर उघडी ठेवायची की नाही, हे ठरवायला मदत होते.

इथे खरेदीतली फसगत सांगायला हवी. एमक्यू-१३५ नावाचा स्वस्त सेन्सर अनेक यूट्यूब प्रकल्पांत कार्बन डायऑक्साइड मोजणारा म्हणून खपवला जातो. प्रत्यक्षात तो अमोनिया, अल्कोहोलची वाफ, धूर अशा कशालाही प्रतिसाद देतो. घरात सॅनिटायझर उडवलं तरी आकडा उसळेल. खरा कार्बन डायऑक्साइड सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश वापरतो आणि बराच महाग असतो. त्यातही एक खोच आहे. असे अनेक सेन्सर काही दिवसांतला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा असं गृहीत धरून स्वतःला जुळवून घेतात. ज्या खोलीची खिडकी आठवडाभर उघडतच नाही तिथे हे गृहीतक कोसळतं आणि सेन्सर कोंदट हवेलाच ताजी समजू लागतो.

धुळीच्या सेन्सरचं आयुष्यही मर्यादित. एसडीएस०११ या लोकप्रिय सेन्सरचं घोषित आयुष्य ८,००० तास आहे. सतत चालू ठेवला तर वर्षही भरत नाही. म्हणून जर्मनीच्या स्टुटगार्टमध्ये २०१५ ला सुरू झालेल्या आणि आता सेन्सर.कम्युनिटी या नावाने चालणाऱ्या नागरिकांच्या जाळ्यात तो दर अडीच मिनिटांनी काही सेकंदच चालवतात. त्यांचा सेन्सर ज्या कवचात बसतो ते म्हणजे प्लंबरकडे मिळणारे पाइपचे दोन एल्बो. इतकं साधं.

शेजारच्या टॉवरची धूळ

मुंबई-पुण्यात अनेकांना घरातली हवा मोजायचीच नसते. त्यांना समोर चाललेल्या पुनर्विकासाची धूळ पकडायची असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि महापालिकेने बांधकामांसाठी २७ कलमी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात पत्र्यांचं कुंपण होतं, पाणी फवारणं होतं आणि बांधकामाच्या जागी सेन्सरवर चालणारे प्रदूषण मापक बसवणंही होतं. बिल्डरकडे सेन्सर असेल तर चाळीतल्या रहिवाशाकडे का नको, हा प्रश्न रास्तच आहे.

पण नेमकं इथेच घरचा सेन्सर दगा देतो. बांधकामाची, खडीची, मातीची धूळ मुख्यतः मोठ्या कणांची असते. हे स्वस्त सेन्सर बारीक धूर चांगला पकडतात आणि मोठे कण बऱ्याच अंशी निसटू देतात. त्यांच्या डॅशबोर्डवर पीएम १० चा आकडा दिसतो खरा, पण तो बराचसा लहान कणांवरून केलेला अंदाज असतो. समोर सिमेंटची पोती रिकामी होत असतानाही आलेख शांत राहू शकतो आणि तोच शांत आलेख बिल्डरच्या उपयोगी पडेल. अशा तक्रारीत वेळ-तारखेसह फोटो, पत्र्याचं कुंपण नसल्याचा पुरावा आणि पाणी न मारल्याच्या नोंदी सेन्सरच्या आकड्यापेक्षा जास्त वजनदार ठरतात. काम चालू असलेले तास आणि बंद असलेले तास यांतला फरक महिनाभर सातत्याने दिसत असेल, तर आलेख जोडपत्र म्हणून लावता येतो. पुन्हा तेच, 'किती' नाही, 'केव्हा'.

आता दुसरी बाजू

जो आलेख फोडणी केव्हा पडली हे सांगतो, तो घरात कोण केव्हा होतं हेही सांगतो. यंत्राला दोन्हींत फरक कळत नाही.

२०१६ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी एका ऑफिसच्या खोलीतले प्रकाश, तापमान, दमटपणा आणि कार्बन डायऑक्साइड एवढेच आकडे घेतले आणि खोलीत माणूस आहे की नाही हे ओळखून दाखवलं. अचूकता ९५ टक्क्यांच्या वर. कॅमेरा नाही, माइक नाही.

हे आपल्या घरात आणून बघा. दमटपणाचं सकाळचं टोक म्हणजे आंघोळ. कार्बन डायऑक्साइड साडेनऊला उतरू लागला आणि संध्याकाळी सातला चढला, म्हणजे मधले तास घर रिकामं. आणि गणपतीला कुटुंब कोकणात गेलं की आकडा आठवडाभर बाहेरच्या पातळीला चिकटून राहतो, एक टोक नाही, एक चढ नाही. वायफायचा राउटर बंद करून गेलात तर नोंदीच थांबतात, आणि थांबलेल्या नोंदीही बोलतात. हा डॅशबोर्ड सर्वांना दिसेल असा ठेवला असेल, नाव 'आमचं घर' असेल आणि नकाशावर पिन असेल, तर दारावर कुलपाचा फोटो लावल्यासारखंच झालं.

थिंगस्पीकसारख्या सेवांवर चॅनेल खासगी ठेवता येतं. पण मित्रांना दाखवण्यासाठी अनेक जण ते सार्वजनिक करतात आणि मग विसरतात. काही जण आपला प्रोग्राम इंटरनेटवर शेअर करतात, त्यात वायफायचा पासवर्ड आणि डॅशबोर्डची गुप्त किल्ली तशीच राहिलेली असते. ती किल्ली हाती लागली की कोणीही तुमच्या आलेखात हवे ते आकडे घुसवू शकतो.

कायदा काय म्हणतो? डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. तयार मॉनिटर विकणारी कंपनी तुमच्या खात्याशी जोडलेली माहिती साठवते, तेव्हा टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या या कायद्याने तिच्यावर बंधनं येतात. पण कायद्याच्या कलम ३ मध्ये दोन अपवाद आहेत. स्वतःच्या घरगुती कामासाठी कुणी वैयक्तिक माहिती वापरत असेल तर कायदा लागू नाही. आणि जी माहिती तुम्ही स्वतःच जगजाहीर केली, तिलाही नाही. सार्वजनिक डॅशबोर्ड या दुसऱ्या अपवादात येतो. घरात आईवडील, भाडेकरू किंवा मदतीला येणाऱ्या ताई असतील तर त्यांच्या वेळाही त्याच आलेखात आहेत, आणि त्यांना बहुधा कोणी विचारलेलं नसतं.

डॅशबोर्ड किती दिवस टिकतो?

दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवलेल्या नोंदींचा भरवसा किती, याचं उत्तर पचूबे या नावात आहे. लंडनच्या उस्मान हक यांनी सुरू केलेली ही सेवा म्हणजे जगभरातल्या सेन्सरचे आकडे एकत्र आणणारी पहिली मोठी जागा. मार्च २०११ मध्ये फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली तेव्हा जपानमधल्या हौशी लोकांनी आपल्या गायगर काउंटरचे आकडे तिथेच पाठवले होते. त्याच वर्षी लॉगमीइन कंपनीने पचूबे विकत घेतली. मग तिचं नाव कॉसम झालं, मग झायव्हली. २०१८ मध्ये ती गूगलकडे गेली. आणि गूगलची स्वतःची आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ ला बंद झाली.

फुकुशिमानंतरच सुरू झालेल्या सेफकास्ट या स्वयंसेवी गटाने मात्र नोंदी पहिल्यापासून खुल्या परवान्याखाली ठेवल्या. कोणीही उतरवून घेऊ शकतं, त्यामुळे एक सर्व्हर बंद पडला तरी नोंदी मरत नाहीत.

फुकट सेवांची मुदतही ठरलेली असते. अॅडाफ्रूट आयओच्या मोफत खात्यात नोंदी ३० दिवसच राहतात. म्हणजे या दिवाळीची तुलना मागच्या दिवाळीशी करायची असेल तर मधल्या काळात कोणीतरी दर महिन्याला फाइल उतरवून ठेवलेली हवी. ती उघडताना वेळ तपासावी. बहुतेक सर्व्हर जागतिक वेळ नोंदवतात आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. सकाळी ८ ची फोडणी रात्री अडीचला पडलेली दिसली तर घरात भूत नाही, घड्याळ लंडनचं आहे.

ज्यांना हे सगळं घराबाहेर पाठवायचंच नाही, त्यांच्यासाठी होम असिस्टंटसारखं मोफत सॉफ्टवेअर आहे. ते घरातल्याच एखाद्या जुन्या लॅपटॉपवर किंवा रास्पबेरी पायवर चालतं आणि आलेख घरातल्या वायफायवरच दिसतो. वीज गेली, डिस्क बिघडली तर जबाबदारी आपली. आणि ज्यांना शहराच्या हवेच्या नकाशात भर घालायची आहे, त्यांनी बाल्कनीतला सेन्सर सार्वजनिक ठेवावा, पिन घरावर न ठेवता जवळच्या चौकावर सरकवावी आणि कार्बन डायऑक्साइड व खोलीतला दमटपणा त्या खात्याला जोडूच नये. बाहेरची हवा गल्लीतल्या सगळ्यांची असते, तिच्या आलेखात तुमच्या आंघोळीची वेळ नसते.